घरातला अर्धा तास कोणाचा?

आंतरराष्ट्रीय योगदिन 21 जूनला असतो, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. प्रश्न 22 जूनचा आहे. त्या दिवशी मैदाने पुन्हा क्रिकेटकडे जातात, वृत्तपत्रांतील छायाचित्रांची रद्दी होते आणि आदल्या दिवशी उत्साहाने उलगडलेली चटई पलंगाखाली सरकते. 11 डिसेंबर 2014 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने भारताचा प्रस्ताव स्वीकारला, तेव्हा 177 देश त्याचे सहप्रस्तावक होते. पुढच्याच वर्षी, पहिल्या योगदिनी, दिल्लीच्या तेव्हाच्या राजपथावर 35,985 लोकांनी एकत्र आसने केली. या गोष्टींचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र अभिमान वर्षातून एकदा साजरा करता येतो, अभ्यासाचे तसे नाही. अभ्यास दृढ कसा होतो हे सांगताना पतंजलींनी तीन अटी घातल्या आहेत : तो दीर्घकाळ व्हावा, त्यात खंड नसावा आणि तो आदराने व्हावा. मैदानाची, गर्दीची किंवा छायाचित्रकाराची अट त्यांत नाही.

योगदिनासाठी दरवर्षी एक सूत्र निवडले जाते. आजवरच्या सूत्रांपैकी गृहस्थाच्या सर्वांत जवळचे सूत्र 2020 सालचे होते : घरी योग आणि कुटुंबासह योग. कोरोनाच्या साथीमुळे मैदाने बंद होती, म्हणून ते नाइलाजाने सुचले, असे म्हणता येईल. पण त्या नाइलाजातच प्रश्नाचे मर्म सापडले होते. त्या महिन्यांत अनेक घरांतून बैठकीच्या खोलीत एकाच वेळी तीन पिढ्या सतरंजीवर बसलेल्या दिसल्या. पुढे कार्यालये उघडली, शाळेच्या रिक्षा सुरू झाल्या, लोकल पूर्ववत धावू लागल्या आणि सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. विचारले, तर सर्वत्र एकच उत्तर मिळते : वेळ मिळत नाही.

हे उत्तर खोटे आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे. 'इच्छा असली की वेळ निघतो', 'दूरचित्रवाणी पाहायला बरा वेळ मिळतो' अशी वाक्ये योगवर्गांच्या उद्घाटनप्रसंगी हमखास ऐकू येतात. डोंबिवलीच्या किंवा कोथरूडच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरातील सकाळ डोळ्यांसमोर आणावी आणि मगच असे बोलावे. साडेपाचला दूध आणि नळाचे पाणी. सहाला कणीक. पावणेसातला मुलाचा डबा, त्यानंतर नवऱ्याचा आणि स्वतःचा. मधूनच सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची आठवण. साडेसातला रिक्षावाल्याचा हॉर्न, आणि आठाच्या आत गाडी गाठण्यासाठी जवळजवळ धावत गाठलेला फलाट. यात अर्धा तास कोठून काढायचा? तो 'काढता' येत नाही. घरातला वेळ सामाईक असतो. एकाने तीस मिनिटे डोळे मिटून बसावयाचे ठरविले, की त्या तीस मिनिटांतील काम दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाते. म्हणून कुटुंबात योगाभ्यासाचा प्रश्न इच्छाशक्तीचा कमी आणि वाटणीचा अधिक आहे.

ही वाटणी आज कशी आहे, याची मोजदाद सरकारनेच केली आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामात सहभागी होणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, पुरुष 88. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून अधिक आणि दुसरीकडे दीड तासाहून कमी. त्यातही ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे. न लावणारे तीत धरलेलेच नाहीत. 2019 सालच्या सर्वेक्षणात स्त्रियांचा हाच आकडा 299 होता. पाच वर्षांत दहा मिनिटे वाचली. कुकर, मिक्सर, धुलाईयंत्र आणि घरपोच किराणा यांचे एवढे कौतुक करूनही हाती आली ती दहा मिनिटे!

येथे आपल्याच अंगणात डोकावले पाहिजे. सामाजिक कामात वाहून घेतलेल्या घरांतील गृहस्थ पहाटे उठतात, सूर्यनमस्कार घालतात, प्राणायाम करतात आणि त्यावर व्याख्यानेही देतात. त्यांची शिस्त वाखाणण्यासारखीच असते. पण ते मैदानावरून परततात तेव्हा चहा तयार असतो, आंघोळीचे पाणी तापलेले असते आणि नऊच्या बैठकीसाठी येणाऱ्या चार पाहुण्यांच्या पोह्यांचे कांदे चिरून झालेले असतात. ती पहाट ज्या बाईने उचलून धरली, तिने अखेरचे आसन केव्हा केले होते, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. एका वयोवृद्ध गृहिणीने एकदा हसत सांगितले होते, "आमच्याकडे योग ह्यांचा आणि योगायोग माझा. कधी जमलाच तर!" विनोद चांगला होता, पण त्यात चाळीस वर्षांचा हिशेब होता.

'घरकाम हाच व्यायाम' हे यावरचे ठेवणीतले उत्तर. जात्यावर दळण्याचा आणि विहिरीचे पाणी शेंदण्याचा काळ होता तेव्हा त्यात काही अंशी तथ्य असेल. आज ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे, त्याच त्या बाजूला वाकणे आणि घड्याळाकडे पाहत पोळ्या लाटणे यातून कंबर, टाचा आणि मान दुखते, एवढेच निष्पन्न होते. कामात शरीर हलते, पण श्वास घाईचा असतो आणि मन पुढच्या कामात असते. योगाभ्यासात नेमके याच्या उलट घडावे लागते. दुसरे उत्तर अधिक सात्त्विक दिसते : गृहिणीची सेवा हाच तिचा कर्मयोग. कर्मयोगाची थोरवी कोण नाकारील? पण हा दाखला देणारा बहुधा त्या वेळी खुर्चीत बसलेला असतो, हेही नजरेआड करता येत नाही. शिवाय ज्या गीतेने कर्मयोग सांगितला, तिच्याच सहाव्या अध्यायात आसन कसे असावे, बसावे कसे, आहार आणि झोप यांचे प्रमाण किती असावे, हेही सांगितले आहे. एक भाग बायकांसाठी आणि दुसरा पुरुषांसाठी, अशी विभागणी गीतेत नाही.

योग हा संन्याशाचा मार्ग, गृहस्थाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असा समज आपल्या समाजात दीर्घकाळ होता. त्याला आधारही होता. हठप्रदीपिकेत साधकासाठी जी कुटी वर्णिली आहे ती एकांतातली, लहान दाराची आणि झरोके नसलेली आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत ती आणावी कोठून? परंतु परंपरेचा दुसरा प्रवाहही तितकाच जुना आहे. योगयाज्ञवल्क्य हा ग्रंथ याज्ञवल्क्य आणि गार्गी यांच्यातील संवादरूपाने रचलेला आहे. त्यात योग एका विदुषीला सांगितला जातो. हठप्रदीपिकाही तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी आणि दुर्बल अशा सर्वांना अभ्यासाने सिद्धी मिळते, असे आश्वासन देते.

आधुनिक काळात हा गृहस्थांचा प्रवाह ठळक झाला तो महाराष्ट्राच्या भूमीवर, ही आपल्यासाठी समाधानाची बाब होय. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापिले आणि प्रयोगशाळेची कसोटी योगाला लावली, हे सर्वज्ञात आहे. त्याच्याही आधी, 1918 सालच्या डिसेंबरात, मुंबईतील वर्सोव्याला मणिभाई देसाई या एकवीस वर्षांच्या गुजराती तरुणाने योग संस्था सुरू केली होती. पुढे ते श्रीयोगेंद्र या नावाने ओळखले गेले. त्यांचे गुरू परमहंस माधवदास संन्यासी होते. शिष्याने मात्र भगवी वस्त्रे घेतली नाहीत. 1927 साली त्यांनी विवाह केला आणि संसारात राहूनच सामान्य माणसाला योग शिकविण्याचे व्रत चालविले. पत्नी सीतादेवी त्यांच्या कार्यात बरोबरीने उतरल्या. स्त्रियांनी आसने करावीत की नाही, यावर सुशिक्षितांतही कुजबुज होत असे, त्या 1930च्या दशकात त्यांनी स्त्रियांसाठी योगाभ्यासावर पुस्तक लिहिले. सांताक्रूझ येथील ही संस्था पुढे पुत्र जयदेव आणि स्नुषा हंसा यांनी सांभाळली. योगाचे घराणे अक्षरशः घरातून चालले.

पुण्याचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली, अवघ्या अठराव्या वर्षी, पुण्यात आले. आरंभीची वर्षे कमालीच्या ओढगस्तीची होती. 1943 साली रमामणींशी विवाह झाला, पुढे सहा अपत्ये झाली. आज जगभर ज्यांच्या नावाने योगपद्धती ओळखली जाते त्या माणसाचा अभ्यास मठात घडलेला नाही. शिकवण्या, भाडे, मुलांची आजारपणे यांच्यामध्ये तो घडला. त्यांनी पत्नीला योग शिकविला आणि त्यांच्या अभ्यासाला तिच्याच डोळ्यांची मदत झाली. 1973 साली रमामणी गेल्या. 1975 साली पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेला अय्यंगारांनी स्वतःचे नाव न देता त्यांचे दिले. कन्या गीता यांनी पुढे स्त्रियांच्या योगाभ्यासावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मासिक पाळी, गर्भारपण आणि त्यानंतरचा काळ यांत कोणती आसने करावीत, कोणती टाळावीत, याचा त्यात बारकाईने विचार आहे. पुरुष शिक्षकांनी पुरुष विद्यार्थ्यांपुढे शतकानुशतके मांडलेल्या विद्येत ही भर घरातल्या मुलीने घातली.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचा उल्लेख केल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. सूर्यनमस्कारांचा त्यांनी ध्यास घेतला, त्यावर लिहिले, संस्थानातील शाळांत ते सुरू केले. त्यांचे वेगळेपण असे, की प्रजेला सांगण्याआधी ते स्वतः नमस्कार घालीत आणि घरच्यांनाही त्यात सामील करून घेत. पुत्र अप्पासाहेब पंत पुढे राजदूत म्हणून देशोदेशी गेले आणि त्यांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. घरात पाहिलेले टिकते, एवढा बोध पालकांनी यातून घ्यायला हरकत नाही. मुलाला ओरडून उठवायचे आणि आपण भ्रमणध्वनीवर बोटे फिरवीत बसायचे, यातून मुलगा फक्त बोटे फिरवायला शिकतो.

मग सामान्य घराने करावे काय? प्रथम तासाभराचे स्वप्न सोडावे. आयुष मंत्रालयाने योगदिनासाठी जो सर्वसाधारण अभ्यासक्रम ठरविला आहे तो पाऊण तासाचा आहे. तो उत्तम आहे. पण ज्या घरात दोघेही नोकरी करतात तेथे सोमवारी ठरवून बुधवारी मोडायची ती हमी आहे. हठप्रदीपिकेने योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत अतिआहार, अतिश्रम, वायफळ बडबड ही अपेक्षित मंडळी आहेतच. पण नियमांचा दुराग्रह हाही त्यांपैकी एक आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. ब्राह्ममुहूर्तावरच, पूर्ण तासच, ठरलेली सर्व आसनेच, असा हट्ट धरणाऱ्यांचा अभ्यास सर्वांत आधी बंद पडतो. आधुनिक वैद्यकही आता याच बाजूला आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली शारीरिक हालचालींविषयीच्या सूचना सुधारल्या, तेव्हा हालचाल सलग किमान दहा मिनिटे व्हावी ही पूर्वीची अट वगळली. थोडीही हालचाल उपयोगाची, असे संघटना सांगते. बैठे काम करणाऱ्यांसाठी आयुष मंत्रालयाने 2021 साली पाच मिनिटांच्या योगविरामाचे ॲपही आणले.

बारा सूर्यनमस्कार सावकाश घातले तरी सात-आठ मिनिटांत होतात. त्यानंतर पाच मिनिटे अनुलोम-विलोम आणि पाच मिनिटे शवासन. झाली वीस मिनिटे. शवासन मात्र गाळू नये. घाईच्या घरात तेच सर्वांत आधी गाळले जाते, आणि गृहिणीला खरी गरज त्याचीच असते; कारण दिवसभरात विनाकारण आडवे पडण्याची परवानगी तिला फक्त तेवढीच! महागडी चटई, विशिष्ट कपडे, वासाच्या मेणबत्त्या यांची काही गरज नाही. योगाच्या नावाने सध्या जी बाजारपेठ उभी राहिली आहे, तिच्याविषयी वेगळे लिहावे लागेल. जाड सतरंजी पुरते.

सकाळच हवी, असेही नाही. पोट रिकामे असावे, जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत, एवढे पथ्य पाळले की सायंकाळी साडेसहा-सातची वेळ अनेक घरांना सोयीची पडते. दिवेलागणीला पूर्वी घरातील मुले शुभंकरोती म्हणायला बसत. ती वेळ आता शिकवणी आणि मालिका यांनी वाटून घेतली आहे. त्यांतली वीस मिनिटे परत मागून घेता येतील. रात्री जेवणानंतर दहा मिनिटे वज्रासनात बसून मुलांशी गप्पा मारता येतात. जेवणानंतर चालणारे ते आसन आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. पाठीच्या मणक्याचा त्रास, उच्च रक्तदाब, काचबिंदू असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्याला व जाणत्या शिक्षकाला विचारल्यावाचून आसनांना हात घालू नये. पडद्यावर पाहून शीर्षासन करणारे उत्साही वीर आहेत. त्यांच्या माना अस्थितज्ज्ञांकडे दिसतात. आरंभी दोन-तीन महिने प्रत्यक्ष शिक्षकाकडे शिकावे. महाराष्ट्रात ही सोय दुर्मीळ नाही. नागपुरात जनार्दनस्वामींनी घरोघर जाऊन विनामूल्य योग शिकविला, त्यांनी उभारलेले योगाभ्यासी मंडळ आजही आहे. ठाण्याचे घंटाळी मित्र मंडळ, नाशिकचे योग विद्या धाम यांनी हजारो गृहस्थ साधक घडविले आहेत.

आता पुन्हा वाटणीकडे. घरात निवृत्त आजी-आजोबा असतील तर ते या बाबतीत घराचे भांडवल होत. नातवंडाला रिक्षेपर्यंत पोचविण्याचे काम आजोबांनी घेतले तर सुनेला पंधरा मिनिटे मिळतात. ज्या आजींना स्वतःला तरुणपणी हा वेळ मिळाला नाही त्यांनी सुनेचा वेळ राखणे, यात केवढा मोठेपणा आहे! प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे घडते; 'आम्ही कुठे असली थेरं केली' हे वाक्य चटईपेक्षा आधी उलगडते. जेथे घरात वडीलधारे नाहीत, तेथे पती-पत्नींनी वार वाटून घ्यावेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. त्या दिवशी डबे त्याने भरावेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. रविवारी सर्वांनी एकत्र. पोळ्या त्याला येत नसतील तर त्या दिवशी भाकरीच्या दुकानातून आणाव्यात किंवा डब्यात पोहे द्यावेत. तीन दिवस पोहे खाऊन कोणाचे संस्कार बिघडल्याचे ऐकिवात नाही. महत्त्वाचे असे, की तिच्या वीस मिनिटांत 'माझा रुमाल कुठे आहे' हा प्रश्न दाराबाहेर थांबला पाहिजे. पतंजलींच्या तीन अटींपैकी तिसरी, आदराची, घरात पाळावयाची ती अशी. साधकाने अभ्यासाचा आदर करावा हे खरेच. पण घरानेही साधकाचा आदर केला नाही, तर उरलेल्या दोन अटी कागदावरच राहतात.

घरातील सर्व पुरुष असे नसतात, हेही नोंदविले पाहिजे. परिचयातील एका कुटुंबात बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ गेली काही वर्षे सकाळचा संपूर्ण स्वयंपाक करतात, आणि त्यांची पत्नी शेजारच्या बारा बायकांना गच्चीवर आसने शिकविते. सोसायटीत आरंभी थट्टा झाली. आता त्याच थट्टा करणाऱ्यांच्या घरातील दोघी त्या वर्गात असतात.

खंड पडणारच. गौरी-गणपतीत पाहुणे येतील, मार्चमध्ये परीक्षा येतील, कोणाला ताप येईल, कोणाची रात्रपाळी लागेल. संसारी माणसाचा अभ्यास नदीसारखा सलग वाहत नाही, तो नळासारखा येतो-जातो. पाणी गेले म्हणून कोणी नळ उखडून टाकीत नाही. आठ दिवस सुटले म्हणून नवव्या दिवशी चोवीस नमस्कार घालून भरपाई करू नये. अंग धरते आणि पुन्हा आठ दिवस जातात. तीन नमस्कार घालावेत, दोन मिनिटे श्वासाकडे पाहावे आणि उठावे. दुसऱ्या दिवशी पाच घालावेत. त्या दिवशी चहा मात्र दुसऱ्याने करावा.